मोरीचा ढाळ

आमच्याकडे बाथरूमला मोरीच म्हणतात. माझी लेक मनवा तेवढी बाथरूम म्हणते, तिचं सोडा. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही लालबागच्या लालबागमध्येच दुसऱ्या माळ्यावरून चौदाव्या माळ्यावर गेलो, तरी मोरी ती मोरीच राहिली. आणि गेल्या पाच महिन्यांत त्या चार बाय पाचच्या मोरीपायी मी जेवढी भांडले, तेवढी लग्नाच्या बत्तीस वर्षांत नवऱ्याशीसुद्धा भांडले नसेन. माझं नाव कौसल्या. तोंडाने फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, मागाहून कोणी म्हणायला नको.

झालं असं, की दिवाळी संपली त्याच आठवड्यात आमचा गिझर फुटला. सकाळचे साडेसहा वाजले होते. सासूबाई नुकत्याच आंघोळ करून बाहेर येऊन केस पुसत होत्या आणि मागे धाडकन आवाज झाला. टाकी भिंतीवरून सुटून खाली आली. येताना भिंतीच्या चार लाद्या घेऊन आली, जमिनीच्या सहा फोडल्या, नळाचा पाइप तोडला आणि आडवी पडली. पाणी नुसतं भळाभळा. माझ्या मिस्टरांनी, लवू नाव त्यांचं, धावत जाऊन मेन कॉक बंद केला तोवर पॅसेजमध्ये घोट्याएवढं पाणी. सासूबाई टॉवेल हातात धरून तशाच उभ्या. म्हणाल्या, "देवान राखल्यान माका." आणि परत केस पुसायला लागल्या.

सासूबाईंचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन थांबतं. जाईबाई नाव, वय ब्याऐंशी. चार वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की आंघोळीला कोणीतरी सोबत हवं. या ऐकतील तर शपथ. रोज सकाळी सहाला दोन बादल्या भरून घ्यायच्या, प्लॅस्टिकच्या स्टुलावर दाराकडे पाठ करून बसायचं, आतून कडी लावायची आणि तांब्याने सावकाश आंघोळ करायची. प्लॅस्टिकचा मग नको, तांब्याच पाहिजे. मी एकदा म्हटलं, आई, कडी तरी लावू नका. तर म्हणाल्या, "मेल्यार घाला माका आंघूळ, तेव्हा माझो इलाज नाय. तोवर माझी मी करतलंय." त्यापुढे बोलायची माझीही टाप नव्हती, म्हणजे बघा.

आता गिझर फुटला, तर मनवा म्हणाली काळजी करू नका, आपला घराचा विमा आहे. फर्निचरला बँकेतून कर्ज काढलं होतं तेव्हा तिने तो घेतला होता. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. फोनवर कंपनीची मुलगी इतकं गोड बोलली की मीच विरघळले. म्हणाली, मॅडम, तुम्ही काहीच करायचं नाही, आमचाच कॉन्ट्रॅक्टर येऊन सगळं पूर्वीसारखं करून देईल. आमचा धोंडू गवंडी होता ना. आमच्याच गावचा, करी रोडला राहतो, चाळीतल्या अर्ध्या मोऱ्या त्याच्या हातच्या. मिस्टर म्हणाले धोंडूला बोलावू. मी म्हटलं, विम्याचा हप्ता भरतोय ना आपण, मग करू दे की त्यांना. ही माझी पहिली चूक. पुढच्या दोन याहून मोठ्या आहेत.

कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर म्हणजे अभय नावाचा पोरगेला माणूस. केसांना जेल, हातात टॅब. सोबत तीन कामगार. चार दिवसांत काम उरकलं. जमीन उकरली, वॉटरप्रूफिंग केलं, नवी लादी बसवली, नवा गिझर लावला. दिसायला मोरी अशी झकास झाली की शेजारणी बघायला आल्या. शेवटच्या दिवशी सिमेंट ओलं होतं म्हणून पाणी टाकायचं नव्हतं. पण काम झालं की आपण काय करतो? नारळ फोडतो, कामगारांच्या हातावर पेढा ठेवतो. सासऱ्यांनी चाळीत मोरीला कडाप्पा बसवला तेव्हाही ठेवला होता. मी नारळ फोडला, सगळ्यांना पेढे दिले, अभयला दोन दिले. तो म्हणाला, काकी, एक फोटो काढू. मी पदर सारखा केला, हातात पेढ्यांचा बॉक्स धरून दात दाखवत उभी राहिले. मग त्याने टॅबवर बोटाने सही घेतली. काय लिहिलंय म्हणून विचारलं तर म्हणाला, फॉर्मॅलिटी आहे.

तीन दिवसांनी पहिली आंघोळ मनवाने केली. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते, तर पायाला गार लागलं. बघते तर मोरीच्या दाराखालून पाणी येतंय, पॅसेजमधून सरळ स्वयंपाकघरात. मोरीची जाळी त्या कोपऱ्यात, आणि पाणी या कोपऱ्यात. दार उघडून पाहिलं तर जाळी कोरडी ठणठणीत आणि दाराशी तळं. लादी बसवताना जाळीकडे ढाळ द्यायचा असतो, म्हणजे पाणी आपलं आपण उतरून जातं. इथे ढाळ होता, पण उलटा, दाराकडे.

अभयला फोन केला. म्हणाला, काकी, नवीन लादी आहे, सेट व्हायला वेळ लागतो. मी म्हटलं, लादी काय नवी सून आहे, हळूहळू रुळायला? हसला आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने माझा फोन काही उचलला नाही.

मग आमचं रोजचं सुरू झालं. कोणीही आंघोळ केली की मी फडकं घेऊन दाराशी बसायचं, पाणी टिपायचं, पिळायचं, परत टिपायचं. दार खालून फुगलं, पॅसेजच्या भिंतीला पांढरे डाग धरले. मी कुरकुरत होते पण करत होते. सासूबाईंना बजावलं होतं, आई, आंघोळ झाली की हाक मारा, मी आधी पुसून घेते, मग बाहेर या. त्या हाक मारतील कशाला? संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात त्या उठल्या, कडी काढली, दाराशी साचलेल्या पाण्यात पाय पडला आणि सरकला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून खुबा वाचला, मनगटाचं हाड मात्र चिरलं. मी धावले तेव्हा त्या जमिनीवर बसलेल्या होत्या आणि चांगल्या हाताने साडी ओढून पाय झाकत होत्या. ते मला अजून दिसतं.

शीवहून माझी नणंद अनुजा आली आणि आईला घेऊन गेली. म्हणाली, वहिनी, आठ दिवस ठेवते, तोवर मोरीचं बघा. तिचंही बरोबर होतं. प्लॅस्टर घातलेल्या हाताने त्यांना एकट्याने आंघोळ जमणार नव्हती, आणि आमच्या मोरीत तर दुसऱ्या माणसाला पाय ठेवायची सोय नाही. अनुजा त्यांना बसवून आंघोळ घालायला लागली. आठ दिवसांचे पंधरा झाले, मग महिना झाला, प्लॅस्टर निघालं, तरी मोरी तशीच. प्लॅस्टर निघालं तरी आंघोळ अनुजाच घालायची, एकटीने करते म्हणाल्या की पोरगी रडायची. रोज सकाळी सातला सासूबाईंचा फोन यायचा. दुसरं काही नाही, एकच प्रश्न. "मोरी सुकली काय गो?" मी म्हणायचे, होईल आई, कंपनीला कळवलंय. त्या म्हणायच्या, बरा, आणि फोन ठेवायच्या.

कंपनीला मनवाने कळवलं होतंच. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवले. उत्तर आलं की व्हिडिओ कधीचा आहे ते सांगता येत नाही, आणि ग्राहकाने काम समाधानकारक असल्याची सही दिली आहे, सोबत छायाचित्र जोडले आहे. छायाचित्रात कोण, तर मी. पेढ्यांचा बॉक्स घेऊन हसतेय. मनवाने मोबाइल माझ्यापुढे धरला. मला स्वतःच्याच तोंडावर चापट मारावीशी वाटली. ही दुसरी चूक. धोंडूला बोलावून दुरुस्त करून घेऊ म्हटलं, तर मनवा म्हणाली, दुसऱ्याचा हात लागला की कंपनी हात झटकणार, मग वॉटरप्रूफिंग गळलं तर खालच्यांचं छतही आपल्याच डोक्यावर. शेवटी बरीच ईमेलाईमेल करून तिने कंपनीकडून सर्व्हेअर मागून घेतला. फेब्रुवारीतली तारीख मिळाली, सकाळी दहा ते एक.

आता तिसरी चूक ऐका. ही सांगताना मला अजून लाज वाटते.

मी लग्न होऊन आले तेव्हा चाळीतली खोली दहा बाय बाराची. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, दारात माणूस यायच्या आत जमीन कोरडी पाहिजे, मग तो पोस्टमन का असेना. घरात चहाला साखर नसली तरी चालेल, पण ओल्या जमिनीवरून माणसाला आत घ्यायचं नाही. बत्तीस वर्षं मी तेच केलं. हाताला सवय लागली की डोक्याला विचारावं लागत नाही.

तर सर्व्हेअर येणार म्हणून मी साडेपाचला उठले. मिस्टर आणि मनवाची आंघोळ सहाच्या आत उरकून घेतली. मग मोरी पुसली. एकदा पोत्याने, एकदा पंच्याने, मग दाराशी टेबलफॅन लावून ठेवला तासभर. भिंतीवरचे पांढरे डाग लिंबू आणि खायचा सोडा लावून घासून काढले. दार खालून फुगलेलं दिसत होतं, बरं दिसत नाही म्हणून त्यावर मोठा टॉवेल सोडला. नवं पायपुसणं टाकलं. फिनेल मारलं. कांदेपोहे केले, वर खोबरं. मनवा कामावर गेलेली, मिस्टर पेपर वाचत होते. मनवाही घरात असती तरी काय, आमच्या घरात पाहुण्यासाठी आवरणाऱ्या बाईला कोणी थांबवत नाही.

सर्व्हेअर म्हणजे हितेंद्र नावाचे गृहस्थ, पस्तिशीचे, अगदी सभ्य. बूट बाहेर काढले. पोहे खाल्ले, छान आहेत म्हणाले. मोरीत डोकावले, फोटो काढले, म्हणाले, जरा पाणी टाकून दाखवता? मिस्टरांनी मगभर पाणी घेतलं. साहेबांची पॅन्ट भिजायला नको म्हणून वाकून, अलगद, थेट जाळीच्या तोंडाशी ओतलं. ते गेलं खाली गुमान. आणि आम्ही दोघं बाजूला उभे, पाहुण्याने नीट बघितलं याचं समाधान मानत. जाताना मी त्यांना गावचं खाजं पुडीत बांधून दिलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. संध्याकाळी मनवाने मोठ्याने वाचला. "पाहणीच्या वेळी जमीन पूर्ण कोरडी. पाणी साचल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. दरवाजा सुस्थितीत. पाण्याचा निचरा योग्य. घर अत्यंत स्वच्छ व नीटनेटके. तक्रार बंद करण्यात यावी."

मनवाने परत एकदा वाचून बघितलं. मग हळूच म्हणाली, "मम्मी, तू त्या दिवशी काय काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. टेबलफॅन, लिंबू, टॉवेल. मिस्टर मध्येच म्हणाले, "मी पण पाणी जाळीतच ओतलं गं." मनवा डोक्याला हात लावून बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच. चांगली लेक, चांगला नवरा, भांडून भांडून मिळवलेला सर्व्हेअर, आणि मी बाई फडक्याने सगळं पुसून टाकलं. सासूबाई शीवला पोरीच्या हातून आंघोळ करतायत ती माझ्यामुळे, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. सातचा फोन यायचा, मी म्हणायचे, होईल आई. आपल्यामुळे फिसकटलंय हे काही सांगवेना.

मनवा माझ्यासारखी नाही, ती थंड डोक्याने भांडते. तिने कंपनीच्या तक्रार कक्षाला चार पानी पत्र लिहिलं. आजीच्या मनगटाचा एक्स-रे जोडला, डॉक्टरांचा कागद जोडला, गिझरच्या आधीचे आणि नंतरचे फोटो तारखांसकट जोडले. धोंडूलाही बोलावलं. त्याने कशाला हात लावला नाही, फक्त खिशातून गोटी काढून जाळीपाशी ठेवली. गोटी गडगडत दाराशी आली. तो म्हणाला, "वैनी, हेंनी लादी दाराकडसून चालू केल्यानी आनि जाळीकडे जाडी कमी पडाक लागली तसो माल वाढवत गेले. जाळीच उंच झाली. आता सगळा उखडल्याशिवाय इलाज नाय." मला सगळंच कळलं असं नाही, पण सगळं उखडायचं एवढं कळलं. मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं. पुन्हा पाहणी होईल, फक्त एकदा, तोच सर्व्हेअर, बुधवारी.

मनवाने मला समोर बसवून नियम सांगितले. पुसायचं नाही. टॉवेल काढायचा. डाग राहू दे. फॅन नाही, फिनेल नाही, पोहे नाहीत. मी म्हटलं, पोह्यांनी काय केलंय? म्हणाली, पोहे नाहीत म्हणजे नाहीत.

बुधवारी सकाळी सातला सासूबाईंचा फोन आला. "मोरी सुकली काय गो?" आणि काय झालं कोण जाणे, मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. आई, साहेब येऊन गेले होते, मीच जमीन पुसून कोरडी करून ठेवली, त्यांना काही दिसलंच नाही, तुम्ही माझ्यामुळे तिथे अडकल्यात. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू.

सासूबाई म्हणाल्या, "मगे काय वली ठेवतलंस? मानूस येवचो आसा घरात. मीच शिकवलंय ना तुका." मग आवाज खाली आणला. "अनुजा चांगला करता माझा. पण तिच्या हातान न्हावक माका लाज वाटता गो. पोरगी आसा ती माझी. माका घराक येवचा आसा, कौसल्या."

सासूबाईंच्या तोंडून लाज हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "आज फडक्याक हात लावलंस तर माझी शपथ आसा," आणि फोन ठेवला.

मी फडकं उचलून कपाटात टाकलं आणि कपाटाला किल्ली लावली. नऊ वाजता मिस्टरांनी आंघोळ केली. पाणी पॅसेजमध्ये आलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकलं. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. ओलं पायपुसणं वास मारायला लागलं. दोनदा उठले, दोनदा परत बसले. मिस्टर म्हणाले, बाहेर जाऊन येतेस का? मी म्हटलं, नको, बाहेर गेले तर येताना नवीन फडकं घेऊन येईन.

साडेअकराला बेल वाजली. दार उघडलं तेव्हा माझी मान वर होईना. हितेंद्र साहेबांनी बूट काढले, मोज्यांनी आत आले, पॅसेजच्या अलीकडे थबकले. ओली जमीन बघितली, फुगलेलं दार बघितलं, डाग बघितले. मग माझ्याकडे बघून अगदी काळजीने म्हणाले, "मॅडम, तब्येत बरी आहे ना तुमची?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्या घरात हे रोज असंच असतं. त्या दिवशी तुम्ही येणार होतात म्हणून तसं होतं."

ते टॅब काढून फोटो घ्यायला लागले. मिस्टरांनी धोंडूसारखी गोटी काढली. साहेब म्हणाले, काका, गोटी मला रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही. निचरा मोजावा लागतो, एक मग पाणी टाका. मिस्टरांनी मग घेतला, या वेळी दाराशी ओतला. थोडं साचलं, थोडं नाही. साहेब वाकून बघत म्हणाले, "साचतंय, पण इतकं थोडं पाणी साचणं चालण्यासारखं धरतात."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एका मगात आंघोळ कोण करतं? तुम्ही करता?"

मी मोरीत गेले. सासूबाईंच्या दोन बादल्या भरल्या. त्यांचं स्टूल त्यांच्या जागी ठेवलं, दाराकडे पाठ करून, अंगावरच्या साडीसकट त्यावर बसले आणि त्यांचा तांब्या भरून डोक्यावर ओतला. मिस्टर म्हणाले, अगं कौसल्या. मी म्हटलं, कोणी बोलू नका. तांब्यामागून तांब्या, सासूबाई करतात तसं सावकाश. गार पाणी, अंगावर काटा येत होता, डोळ्यांत कुंकू उतरत होतं, आणि मागे परका पुरुष उभा. दोन्ही बादल्या रिकाम्या केल्या. मग त्या उठतात तशी उठायला गेले. वळून पाय टाकला तो दाराशी साचलेल्या पाण्यात, आणि पाय सटकन सरकला. हात चौकटीवर गेला, तिथेच, जिथे त्यांचा गेला असेल. मी सत्तावन्न वर्षांची, धडधाकट, तरी दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहिले. या जागी त्या रोज एकट्या उठत होत्या, हे तेव्हा माझ्या अंगात शिरलं.

समोर हितेंद्र साहेब उभे होते. त्यांचे मोजे भिजून पिवळ्या लादीला चिकटले होते, पाणी त्यांच्या पायावरून स्वयंपाकघराकडे चाललं होतं. ते पायाकडे बघत होते. म्हणाले, "आजी याच स्टुलावर बसतात?"

"बसायच्या," मी म्हटलं. "आता शीवला असतात. लेक आंघोळ घालते त्यांना. त्यांना ते आवडत नाही."

साहेबांनी तिथेच उभ्याने लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होते. मी कपडे बदलून आले तरी लिहीतच होते. मी न राहवून चहा विचारला. ते म्हणाले, "नको मॅडम, आज नको. तुमचा चहा घेतला की माझ्याकडून चांगलंच लिहिलं जातं." आणि ओले मोजे खिशात घालून, अनवाणी पायांत बूट चढवून गेले.

एप्रिलमध्ये पत्र आलं. कंपनी कोणतीही चूक मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी, मोरीचं काम पुन्हा करून देत आहे. मी मनवाला म्हटलं, उलटं उत्तर लिही, सद्भावना तुमची तुमच्याकडे ठेवा, चूक मान्य करा. ती म्हणाली, मम्मी, तुला चूक पाहिजे की आजी पाहिजे? मी पत्र तिच्या हातात परत दिलं.

अभय परत आला. या वेळी काकी नाही, मॅडम म्हणाला. मी धोंडूला बोलावून पॅसेजमध्ये खुर्ची टाकून दिली. तो नुसता बघायचा, आणि अधूनमधून खिशातली गोटी काढून हातात खेळवायचा. कामगारांनी सगळी लादी उखडली, जाळी खाली घेतली, दोरी लावून ढाळ काढला. लादी बसवायच्या आधी मोरीत दोन दिवस पाणी भरून ठेवलं, कुठे झिरपतंय का बघायला. भिंतीवर धरायला स्टीलचा दांडा हवा होता, तो विम्यात बसत नाही म्हणाले. तो मिस्टरांनी स्वतः बसवला, किंचित वाकडा. भिंतीची एक लादी मेळातली मिळाली नाही, ती जरा पिवळट आहे. असू दे.

काम संपलं त्या दिवशी मी नारळ आणला नाही. पेढे आणले होते, पण फ्रिजमध्ये मागे लपवून ठेवले. अभयने टॅब पुढे केला, म्हणाला, मॅडम, सही. मी म्हटलं, पाणी कधी टाकायचं? म्हणाला, तीन दिवसांनी. मी म्हटलं, मग तीन दिवसांनी या, सकाळी सहाला. सही आमच्या आईंच्या आंघोळीनंतर. त्याने धोंडूकडे बघितलं. धोंडूने गोटी खिशात टाकली.

तीन दिवस झाले. अनुजा आदल्या संध्याकाळीच सासूबाईंना टॅक्सीने सोडून गेली होती. सहाला पाच कमी असताना अभय हॉलमध्ये येऊन बसला, डोळे चोळत. सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. दोन बादल्या भरून घेतल्या. स्टूल हाताने सरकवून स्वतःच्या जागी लावलं. मी मागे मागे आत शिरायला गेले, म्हटलं, आई, आजच्या दिवस मी आत उभी राहते, हात अजून कच्चा आहे. त्यांनी मला एका हाताने बाहेर सारलं आणि दार लावून घेतलं. कडी पडल्याचा आवाज आला. साडेतीन महिन्यांनी तो आवाज ऐकला.

मी पॅसेजमध्ये उभी राहिले. सवयीने हातात फडकं होतंच. आत तांब्या बादलीत बुडायचा, पाणी पडायचं, परत बुडायचा. मी जमिनीकडे डोळे लावून उभी. पाणी दाराखालून येईल म्हणून वाट बघत होते, ते येत नव्हतं. जाळीतून खाली जाताना त्याचा गुडगुड आवाज तेवढा येत होता. पहिली बादली संपली. पॅसेज कोरडा.

आतून हाक आली. "बाहेर पानी इला काय गो?"

"नाय आई."

"मगे थय फडक्या घेवन कित्याक उभी ऱ्हवलंस? जा, त्या झिलाक चाय दी."

आईंनीच पास केली, मग दुसऱ्या बादलीची वाट कशाला, म्हणून मी फडकं दोरीवर टाकलं. हॉलमध्ये अभयकडे जाऊन टॅबवर बोटाने सही केली, आधी चष्मा लावून वरचं सगळं वाचून. फ्रिजमधून पेढे काढले. अभय एकदम हुशार झाला, टॅब उचलून म्हणाला, "काकी, फोटो?"

"माझा नको," मी म्हटलं. "मोरीचा काढा."

तो उठून पॅसेजकडे निघाला. मी आडवी झाले.

"बसा खाली. आत आमच्या आई आंघोळ करतायत. अजून एक बादली बाकी आहे."